बावीस काडतुसं

आमच्या घरात १९९१ पासून बंदूक होती. दुनाळी, बारा बोअरची, माझ्या सासऱ्यांच्या म्हणजे नानांच्या नावावर. चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी केळीची शेती असली की रानडुकरं पाचवीलाच पूजलेली. डुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, त्यामुळे नाना वर्षातून दोन-तीनदा हवेत बार काढायचे आणि बाकी वेळ बंदूक ओसरीतल्या खुंटीवर. लग्न होऊन आले तेव्हा मला ती घड्याळासारखी वाटली होती. भिंतीवर असते, आपलं काय जातं?

२०२४ च्या ऑगस्टपासून ती घराबाहेर काढायला सहा महिने लागले. त्या काळात मी नेटवर बरंच शोधलं. परवाना मिळवावा कसा, यावर ढीगभर मजकूर होता. घरातलं माणूस मनाने आजारी आहे, घरात लहान मूल आहे आणि भिंतीवर बंदूक आहे, तर काय करावं यावर मराठीत मला काही सापडलं नाही. म्हणून लिहिते आहे. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, वकील नाही. आमच्या बाबतीत जे झालं तेवढंच सांगते.

लोकसभेची आचारसंहिता १६ मार्च २०२४ ला लागली आणि नेहमीप्रमाणे पोलिस ठाण्यातून निरोप आला, हत्यार जमा करा. हे आम्हाला सवयीचं. आमचं मतदान १३ मे ला झालं, आचारसंहिता ६ जूनला उठली आणि जूनच्या मध्यावर बंदूक घरी परत आली. मधल्या काळात वादळाने आमची काढणीला आलेली केळी आडवी केली होती. सासूबाई जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. नाना शेतात जायचे बंद झाले. पहाटे तीनला उठून ओट्यावर बसायचे. जेवणाला हाक मारली तर आमच्या अहिराणीत "ठी दे", म्हणजे ठेवून दे, म्हणायचे आणि ताट तसंच राहायचं. जुलैमध्ये एके दिवशी त्यांनी पीककर्जाची फाईल, सात-बारा, पासबुकं असं सगळं नवऱ्यासमोर ठेवलं आणि कोणाचं किती देणं आहे ते सांगून टाकलं. आम्हाला वाटलं, म्हातारा माणूस, व्यवहार सोपवतोय. चांगलंच आहे. आज ते आठवलं की पोटात गोळा येतो.

कानबाई, आमच्याकडचा श्रावणातला देवीचा सण, ११ ऑगस्टला, रविवारी होती. खान्देशातल्या वाचकांना सांगायला नको, कानबाईच्या आधी घर आतून-बाहेरून उलटं होतं. शनिवारी माळ्यावरच्या ट्रंका खाली ओसरीत आणल्या. रोटाचे, म्हणजे कानबाईच्या प्रसादाचे, गहू दळायला गेले होते, जाऊबाई पुण्याहून आल्या होत्या, घरात वीस माणसं. माझा मुलगा तेव्हा आठ वर्षांचा. तो माझ्याजवळ आला आणि मूठ उघडली. मुठीत लाल नळी, खाली पितळेची टोपी. "मम्मी, हा कोणता फटाका?"

मी ते काडतूस त्याच्या हातातून घेतलं, ट्रंकेतल्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकलं, डबा वर ठेवला आणि पुन्हा भांडी घासायला बसले. मोजली नाहीत. ओरडलेही नाही. घाबरायला रात्र झाली. ट्रंकेची किल्ली देवघरामागच्या खिळ्याला असायची. म्हणजे ती "लपवलेली" होती आणि घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होती, पोरालाही. निवडणुकीला आम्ही बंदूक जमा करायचो, पण काडतुसं कोणी मागितली नाहीत आणि आम्हीही नेली नाहीत. ती कायम घरातच.

सोमवारी कानबाईचं विसर्जन झालं, पाहुणे पांगले. रात्री साडेअकराला गच्चीवर जाऊन मी १४४१६ ला फोन लावला. टेलिमानस. २०२२ च्या ऑक्टोबरपासून केंद्र सरकारची ही मोफत हेल्पलाइन आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. मी पोराच्या काडतुसाबद्दल बोलायला गेले होते. पलीकडच्या बाईंनी झोप, जेवण, फाईल हे सगळं विचारून घेतलं आणि म्हणाल्या, ते स्वतःच्या जिवाचं काही बोलतात का? मी म्हटलं, नाही. मग आठवलं, आठवड्यापूर्वी म्हणाले होते, "आते मन्हं काय काम अठे." आता माझं इथे काय काम. त्या म्हणाल्या, त्यांना सरळ विचारा. विचारल्याने तसं काही डोक्यात शिरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. आणि बंदूक घरातून हलवा, फवारणीची औषधं हलवा, डॉक्टरांची वेळ घ्या. याच क्रमाने.

फवारणीची औषधं मंगळवारी सकाळीच शेतातल्या खोलीत गेली. कुलूप लावून किल्ली सालदाराकडे, घरात नाही. हे सोपं होतं. बंदुकीचं तसं नव्हतं, कारण ती नानांची पाटीलकी होती. आणि सुनेने बंदुकीत लक्ष घालावं, हे आमच्याकडे बसत नाही.

नवऱ्याने शक्कल काढली. म्हणाला, नूतनीकरणासाठी न्यायची आहे असं सांगू. दुपारी त्याने ओट्यावर बसलेल्या नानांना तसं सांगितलं. नानांनी मानही वळवली नाही. "आखो दोन साल बाकी शेतस. माले येडा समजस का तू?"

बरोबरच होतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला, नानांचा २०२१ च्या डिसेंबरात नवा झालेला, म्हणजे २०२६ पर्यंत. आजारी माणसाची बुद्धी जात नाही. आम्हीच तसं धरून चाललो होतो. नवरा उठून आत गेला. मला वाटलं झालं, आता हे कधीच होणार नाही.

संध्याकाळी मी चहा घेऊन ओट्यावर गेले. सासऱ्यांसमोर अशी बसायची सवय नाही मला, पण बसले. म्हटलं, "नाना, शनिवारी पोराच्या हातात काडतूस होतं." त्यांनी कप खाली ठेवला. मग मी दुसरंही विचारलं, जिवाचं काही मनात येतं का म्हणून. बराच वेळ ते समोरच्या निंबाकडे बघत बसले. "येस," म्हणाले. म्हणजे येतं. मग म्हणाले, "ती ली जा अठून." घेऊन जा इथून. एवढंच.

मग ते स्वतः उठले. खुंटीवरून बंदूक काढली, ती मधोमध उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे मला दाखवलं, खालचा लाकडी दांडा काढला, नळी वेगळी केली. सळईला चिंधी गुंडाळून, तेल लावून दोन्ही नळ्या पुसल्या. अर्धा तास लागला असेल. मी शेजारी बसून होते आणि खरं सांगायचं तर माझे पाय थरथरत होते. त्यांच्या हाताला मात्र महिनाभरात पहिल्यांदा काहीतरी काम मिळाल्यासारखं दिसत होतं. नळी एका कपाटात, दस्ता दुसऱ्या कपाटात आणि काडतुसांचा डबा माझ्या कपाटाच्या लॉकरमध्ये. लॉकरची किल्ली पर्समध्ये, शाळेतही बरोबर.

बुधवारी १४ ऑगस्टला आम्ही दोघं पोलिस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदारांना कळेना. "निवडणूक तर नाही, मग जमा कशाला?" शेवटी म्हणाले, उद्या स्वातंत्र्यदिनाचा बंदोबस्त आहे, १६ तारखेला या. नवरा म्हणाला, मी आत्ता गाडीवर घेऊन येतो. त्यावर त्यांनी सांगितलं ते नीट लक्षात ठेवण्यासारखं आहे. ज्याच्या नावावर परवाना नाही त्याने एकट्याने बंदूक घेऊन रस्त्यावर फिरणं हा गुन्हा आहे, मुलगा असला तरी. कायद्यात दुरुस्तीसाठी, नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाच्याच वापरासाठी नेताना तेवढी सूट आहे, तीही परवानाधारक सोबत असेल किंवा त्याने लेखी दिलं असेल तर. जमा करण्याचा त्यात उल्लेख नाही. म्हणून: आधी ठाण्यात हात हलवत जाऊन बोला, मग परवानाधारकाला आणि मूळ परवान्याला बरोबर घेऊनच हत्यार न्या.

शुक्रवारी १६ ला नाना आले. धुतलेलं धोतर, टोपी. अर्ज मी आदल्या रात्री लिहिला होता: परवान्याचा क्रमांक, त्यावरचा यूआयएन (परवानाधारकाचा ओळख क्रमांक), बंदुकीचा नंबर, काडतुसांची संख्या, दोन प्रती. कारणाच्या जागी काय लिहावं यावर आमची रात्री वादावादी झाली. नवऱ्याला "घरगुती कारण" लिहायचं होतं, कारण कागदावर आजार आला की गावभर होणार. तो भाग आम्ही मोकळा सोडला. साहेबांनी विचारलं, कारण काय? नानाच बोलले. "मन्ही तब्येत बरी नही साहेब. घरमा नातू शे." साहेबांनी पुढे काही विचारलं नाही. शिपायाला खुर्ची आणायला सांगितलं.

मग मोजणी. बंदुकीचा नंबर जुळला. काडतुसं एकवीस निघाली.

"बावीस शेतस," नाना म्हणाले. "पंचवीस लिन्हात, तीन वापरात." परवान्यावरची शेवटची खरेदीची नोंद पंचवीसचीच होती. हवालदाराने पुन्हा मोजली. एकवीस. पावतीवर एकवीस लिहिली गेली आणि साहेब शांतपणे म्हणाले, एक घरी जाऊन शोधा.

घरी आल्यावर ट्रंका, माळा, ओसरी, रोटाच्या पिठाचे डबेसुद्धा उलटे केले. पोरगा शाळेतून आला तसा दारात उभा राहून बघत होता. त्याला काही विचारायचं मला सुचलंच नाही. शिक्षिका मी, रोज चाळीस पोरांची दप्तरं ओळखते. रात्री त्याचा गृहपाठ बघायला कंपास पेटी उघडली, तर पट्टी आणि कोनमापकाखाली लाल काडतूस. शाळेत नेलं होतं. सोमवारपासून, पाच दिवस. दोस्तांना दाखवलं होतं, एकाशी गोट्यांच्या बदल्यात सौदाही चालला होता.

मी त्याला मारलं नाही, यात माझा मोठेपणा नाही, हातात बळच नव्हतं. नानांनी त्याला जवळ घेतलं आणि पहिल्यांदाच त्याला सांगितलं की यात काय असतं. मी शेजारी बसून ऐकलं. तेहतीस वर्षं घरात बंदूक होती आणि घरातल्या एकाही मुलाला हे कोणी सांगितलं नव्हतं. "हात लावू नको" एवढंच सांगितलेलं. पुढे जिल्ह्याच्या कार्यालयात कळलं की २०१६ च्या शस्त्र नियमांत हत्यार सुरक्षित ठेवण्याची, मुलांच्या हाती लागू न देण्याची जबाबदारी परवानाधारकावर टाकलेली आहे. आमच्याकडे ती जबाबदारी एका खिळ्यावर टांगलेली होती.

शनिवारी १७ ला नाना आणि नवरा पुन्हा ठाण्यात गेले, एका काडतुसासाठी. पावतीवर दुरुस्ती, सही, शिक्का. पावतीची झेरॉक्स तीन ठिकाणी ठेवा. आम्हाला नंतर ती चार वेळा लागली.

डॉक्टरांची वेळ २० ऑगस्टची मिळाली, जळगावला. चोपड्याहून तापी ओलांडून जायचं, पावसात दोन तास. सरकारी दवाखान्यात ओळखीचं कोणी भेटेल म्हणून पहिल्यांदा खाजगी मानसोपचारतज्ज्ञ गाठले. फी ६००, रक्ताच्या तपासण्या १,८५०, महिन्याच्या गोळ्या सातशेच्या आसपास. दोन महिन्यांनी लाज संपली आणि पैसेही, मग शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत केसपेपर काढला. तिथे रांग मोठी, पण गोळ्या मोफत. आधीच तिकडे गेलो असतो तर चाललं असतं.

डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बसवून आधी नानांशी एकट्याने बोलून घेतलं. मग आम्हाला आत बोलावलं. निदान तीव्र नैराश्याचं. त्यांनी सांगितलेल्या दोन गोष्टी माझ्या वहीत आहेत. एक, गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरेचदा अंगात तरतरी आधी येते, मन मागाहून सावरतं. म्हणजे माणूस हिंडू-फिरू लागला की घरचे निर्धास्त होतात, नेमकं तेव्हाच जास्त जपायचं. दुसरं, मी विचारलं होतं की नानांपासून पोराला धोका आहे का. ते म्हणाले, मनाने आजारी असलेली बहुतेक माणसं कोणाच्या वाटेला जात नाहीत, या आजारात जपायचं ते त्यांना स्वतःलाच. पोराला धोका आजोबांचा नव्हता, उघड्या डब्याचा होता. हे ऐकून मला शरम वाटली, कारण मधल्या आठ दिवसांत मी पोराला नानांजवळ झोपू दिलं नव्हतं. त्या रात्रीपासून तो पुन्हा त्यांच्या खाटेवर.

सप्टेंबरच्या मध्यावर नाना शेतात जाऊन आले. ऑक्टोबरात जेवायला लागले. गोळीने तोंड कोरडं पडायचं, सकाळी सुस्ती यायची. दोनदा त्यांनी गोळ्या बंद केल्या, दोनदा आम्ही फोन करून डोस बदलून घेतला. हा भाग लिहायला एक परिच्छेद लागला, जगायला तीन महिने.

आणि मग घरात दुसरं सुरू झालं: नाना बरे झाले, आता बंदूक आणायची का? १५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागली, त्यामुळे २० नोव्हेंबरचं मतदान होऊन निकाल लागेपर्यंत प्रश्न आपोआप पुढे गेला. मी मनातल्या मनात निवडणूक आयोगाचे आभार मानले. डिसेंबरात मात्र नवरा म्हणाला, माझ्या नावावर करून घेतो. तशी सोय आहे: परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, तर हयातीतच वारसाला अर्ज करता येतो. पुण्याहून जेठांचा फोन, घराण्याची वस्तू आहे, घालवू नका. बंदूक होती म्हणून आपल्या घरी चोर आला नाही. (शेजारी बंदूक नाही. त्यांच्याकडेही चोर आला नाही.)

माझं म्हणणं एकच होतं. नाव बदलेल. भिंत तीच, खुंटी तीच, पोरगा तोच, आणि नानाही याच घरात. आजार परत येऊ शकतो हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. आठ दिवस घरात अबोला होता. तो नानांनी मोडला. जेवता जेवता म्हणाले, "इकी टाका." विकून टाका.

विकण्याचं असं असतं: आधी जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा ठाण्याला लेखी कळवायचं आणि त्यानंतर पंचेचाळीस दिवस थांबायचं. अर्ज आम्ही ९ डिसेंबरला जळगावला जिल्हाधिकारी कार्यालयात दिला. सोबत मूळ परवाना, जमा पावती, आधार आणि प्रतिज्ञापत्र. टायपिंग आणि नोटरी मिळून ४५० रुपये गेले. पहिल्या खेपेला एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर दोन तास. "तुमचा विषय माझ्याकडे नाही" हे वाक्य मी पाच जणांकडून ऐकलं. शेवटी एका क्लार्क मॅडमनी अर्ज वाचला, नानांकडे बघितलं आणि आवक नंबर टाकून प्रत हातात दिली. तो आवक नंबर घेतल्याशिवाय हलू नका, पंचेचाळीस दिवस तिथून मोजतात.

जानेवारी संपता संपता ठाण्यातून हत्यार सोडण्याचा कागद झाला. ६ फेब्रुवारीला नाना, नवरा आणि मी, बंदूक घेऊन जळगावच्या परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे. त्याने नळीत डोळा घालून पाहिलं, म्हणाला, माल चांगला ठेवलाय बाबा. १४ हजार दिले. काडतुसांची नोंदही परवान्यावर वजा झाली, बावीसची बावीस. नंतर परवाना रद्द करण्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातल्या शाखेत जमा केला आणि त्याची पोच घेतली.

परत येताना नानांनी तापीच्या पुलावर गाडी थांबवायला सांगितली. माझ्या काळजात चर्र झालं. ते खाली उतरले, दोन रुपयांचं नाणं पाण्यात टाकलं, हात जोडले आणि गाडीत येऊन बसले.

चौदा हजारांतून शेताला झटका मशीन घेतलं, तारेसकट; डुकरं रोखायला कुंपणाच्या तारेत विजेचा झटका सोडतं ते. नानांनी स्वतः उभं राहून खांब रोवून घेतले. पहिल्याच आठवड्यात त्याचा झटका बसला तो माझ्या नवऱ्याला. बांधावरून नानांचं हसू मला विहिरीपर्यंत ऐकू आलं.